सेंटर लॉकचा फ्यूज गेलाय, पण खरं काम दारातल्या वायरीत आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, सेंटर लॉक कंपनीचंच. तुळजापूरहून आलात, जुळे सोलापुरात घरासमोर गाडी लावली, रिमोट दाबला आणि एकही दार लागलं नाही. किल्लीने फक्त ड्रायव्हरचं दार लागतंय. छतातला दिवाही बंद आहे. एका गॅरेजमध्ये काहीही न उघडता ‘कंट्रोल युनिट गेलंय, बदलावं लागेल’ असं सांगितलं, म्हणजे लॉक चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. आणि शेवटी, सहज आठवलं म्हणून, तुम्ही एक वाक्य लिहिलंय: गेले पंधरा दिवस दार उघडता-लावताना कधी कधी लॉक आपोआप खटखट करायचं.

मी होटगी रोडला 22 वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. तुमचं ते शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. फ्यूज गेलाय हे जवळजवळ नक्की, तो तुम्ही घरच्या घरी बदलू शकाल. पण तो का गेला हे त्या खटखटीत आहे. ते शोधल्याशिवाय नवा फ्यूज घातला, तर तो तासभर टिकेल किंवा महिनाभर, आणि पुन्हा जाईल. युनिटवर आत्ता एक रुपयाही खर्च करू नका.

आधी फ्यूजवरच संशय का, ते सांगतो. चारही दारं एकाच क्षणी मेली. प्रत्येक दारात लॉकची स्वतंत्र मोटर असते. चार मोटरी एका दिवशी जळत नाहीत. म्हणजे बिघाड चौघांच्या सामाईक वाटेवर आहे: फ्यूज, अर्थ (पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट), युनिट, किंवा ड्रायव्हरच्या दारात जाणाऱ्या वायरी. त्यात छतातला दिवाही त्याच वेळी गेला. कित्येक गाड्यांत दिवा आणि लॉक एकाच फ्यूजवर असतात. दोघं एकदम गेले की मी हात आधी फ्यूज बॉक्सकडेच नेतो. एकच दार मेलं असतं तर मी फ्यूजकडे बघितलंही नसतं, त्या दाराची मोटर नाहीतर त्याची वायर बघितली असती. रिमोट चालत नाही पण ड्रायव्हरच्या दाराची खुंटी दाबली की बाकीची दारं लागतात, असं असतं तर रिमोटचा सेल बदलायला सांगितला असता. बहुतेक रिमोटमध्ये सीआर 2032 हा 3 व्होल्टचा चपटा सेल असतो, वर्ष-दोन वर्षांत तो उतरतो. आणि सगळ्या दारांतून नुसती मरगळलेली ‘टिक’ आली असती तर आधी गाडीची बॅटरी मोजली असती. तुमच्याकडे आवाजच नाही. रात्री शांतता असताना एकदा दाराला कान लावून रिमोट दाबा आणि खात्री करून घ्या.

आता फ्यूज बॉक्स. बहुतेक गाड्यांत दोन असतात. एक बॉनेटखाली बॅटरीजवळ, त्यात मोठ्या अँपिअरचे मुख्य फ्यूज. दुसरा डॅशबोर्डखाली, बहुधा ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या बाजूला, प्लास्टिकच्या झाकणाआड. लॉकचा फ्यूज बहुधा या आतल्या बॉक्समध्ये असतो. झाकणाच्या मागच्या बाजूला नकाशा छापलेला असतो, नाहीतर गाडीच्या पुस्तकात. ‘डोअर लॉक’ किंवा ‘डी/एल’ असं काहीतरी दिसेल, नाहीतर कुलपाचं चित्र. तिथे लिहिलेला आकडा कागदावर टिपून ठेवा. लॉकला सहसा 15, 20 किंवा 25 अँपिअरचा फ्यूज असतो, पण तुमच्या गाडीत किती ते त्या नकाशावरूनच ठरवायचं. भोकात आत्ता जो बसलाय त्यावरून ठरवू नका, आधीच्या कुणी चुकीचा बसवलेला असू शकतो.

फ्यूज उपसण्याआधी जागेवरच तपासा, त्याने निम्मं काम होतं. सुईसारखं टोक आणि आत छोटा बल्ब असलेला टेस्ट लॅम्प स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. त्याचा चिमटा गाडीच्या उघड्या पत्र्याला किंवा बिनरंगाच्या बोल्टला लावा. आधी तो चालतोय का हे दुसऱ्या एखाद्या चालू फ्यूजवर बघा. रंगावर चिमटा बसला म्हणून लॅम्प लागला नाही आणि चांगला फ्यूज कचऱ्यात गेला, असं खूप वेळा होतं. आता लॉकचा फ्यूज. त्याच्या पाठीवर प्लास्टिकमध्ये दोन बारीक खिडक्या असतात, त्यांतून धातूची टोकं दिसतात. दोन्हींवर टोक टेकवा. दोन्हीकडे लॅम्प लागला तर फ्यूज ठीक आहे. एकाच बाजूला लागला तर फ्यूज उडालाय. कुठेच लागला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही, मग बॉनेटखालचा मुख्य फ्यूज बघायचा. लॉक किल्ली काढल्यावरही चालायला हवं, त्यामुळे हा फ्यूज सहसा थेट बॅटरीवर असतो, इग्निशन चालू करायची गरज पडत नाही. मल्टिमीटर असेल तर डीसी 20 व्होल्टवर लावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास आकडा यायला हवा.

उडालाय हे कळलं की गाडी बंद करा, किल्ली काढा आणि खिशात ठेवा. हे मुद्दाम सांगतोय. नवा फ्यूज बसला की काही गाड्यांत युनिट जागं होतं आणि सगळी दारं खटकन लॉक करतं. किल्ली आत राहिली तर माणूस बाहेर उभा. ड्रायव्हरची काचही खाली ठेवा.

फ्यूज काढायला झाकणाच्या आत एक प्लास्टिकचा चिमटा अडकवलेला असतो, तो वापरा. लोखंडी पक्कड नको, ती शेजारच्या फ्यूजला टेकते. सरळ ओढा, हलवून हलवून नको, खालच्या पट्ट्या सैल होतात.

आता हा जुना फ्यूज लगेच फेकू नका. उन्हाकडे धरा आणि बघा. आत दोन पायांना जोडणारी वेलांटीसारखी बारीक पट्टी असते. ती मधोमध नाजूक तुटलेली असेल आणि प्लास्टिक स्वच्छ असेल, तर भार हळूहळू जास्त झालाय, उदाहरणार्थ एखादी मोटर अडकून करंट ओढत होती. पट्टी पूर्ण नाहीशी झालेली, प्लास्टिकला आतून काळा-चंदेरी धूर चिकटलेला, तर सरळ शॉर्ट झालाय, एखादी वायर पत्र्याला टेकलीय. तिसरा प्रकार फसवा: पट्टी शाबूत, पण पायाजवळचं प्लास्टिक वितळलेलं. तिथे फ्यूजचा दोष नाही, खालची पकड सैल होऊन तापतेय, आणि नवा फ्यूजही तसाच वितळेल. तुमचा दुसऱ्या प्रकारचा निघेल असं मला वाटतं.

नवा घेताना आकडा तोच आणि आकारही तोच. पातळ पात्यांच्या फ्यूजमध्ये मोठा, मिनी आणि त्याहून बुटका असे आकार असतात, म्हणून जुना सोबत न्या. रंग पाठ असलेले बरे: 5 फिका तपकिरी, 7.5 गडद तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा पारदर्शक, 30 हिरवा. 10-20 रुपयांची वस्तू आहे, त्यात स्वस्त शोधू नका. हलक्या प्रतीचे फ्यूज वेळेवर जळत नाहीत, आणि फ्यूजचं कामच वेळेवर जळणं आहे.

इथे मी थोडा थांबणार आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात अक्कलकोटहून एक कुटुंब गाडी घेऊन आलं. लॉकचा फ्यूज सारखा उडत होता म्हणून रस्त्यात कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा खोचून दिला होता. लॉक चालू झालं, सगळे खूश. वीस-पंचवीस किलोमीटरवर गाडीत जळका वास. मी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला, तर उंबऱ्याजवळून जाणारा वायरींचा जुडगा हातभर लांब वितळून एक झाला होता, आणि गालिच्याच्या खालच्या बाजूला तपकिरी डाग पडला होता. मागच्या सीटवर दोन लहान मुलं बसून आली होती. फ्यूज ही त्या वायरीची राखण असते. 15 अँपिअर पेलणारी वायर असेल आणि तुम्ही 30 चा हिरवा फ्यूज लावला, तर शॉर्ट झाल्यावर आधी वायर जळते, फ्यूज नंतर. म्हणून तार, चांदी, सिगारेटच्या पाकिटातला कागद, एक नंबर मोठा फ्यूज, यातलं काहीही नाही. घाईत रात्री घरी पोचायचंय तर लॉक बंद ठेवून, किल्लीने दार लावून या. ते चालतं.

नवा फ्यूज बसवला आणि लॉक चालू झालं, तर आनंद माना पण दार लावून निघून जाऊ नका. ड्रायव्हरचं दार सावकाश पूर्ण उघडा, सावकाश बंद करा, असं दहा-बारा वेळा. मधेच लॉक खटखटलं किंवा फ्यूज पुन्हा गेला तर माझा अंदाज बरोबर आहे.

दार आणि गाडीचा खांब यांच्या मध्ये, बिजागऱ्यांच्या बरोबर मध्ये, एक काळी पन्हाळी-पन्हाळीची रबरी नळी असते. दारात जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात: काचेची मोटर, स्पीकर, आरसा, लॉक. दार उघडता-लावताना त्या दर वेळी वाकतात आणि सरळ होतात. दिवसाला वीस वेळा म्हटलं तरी दहा वर्षांत सत्तर हजारांवर वाकणं होतं. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं म्हणून तेच आधी जातं. त्यात आपलं सोलापूर. मे महिन्यात पारा 42-43 वर, गाडी उन्हात, आतलं प्लास्टिकचं आवरण कडक होतं आणि वाकताना तडकतं. आधी आवरण फुटतं, मग आतली तांब्याची एकेक तार तुटत जाते. लॉकला ‘लाग’ आणि ‘उघड’ सांगणाऱ्या बारीक वायरी तिथेच असतात. त्यातली एक तुटून पुन्हा टेकली की युनिटला वाटतं तुम्ही बटण दाबलं, आणि दारं आपोआप खटखटतात. हीच ती तुमची पंधरा दिवसांची खटखट. पुढे उघडी पडलेली करंटची वायर शेजारच्या अर्थला किंवा पत्र्याला टेकली, की फ्यूज जातो.

बघायला सोपं आहे. दार पूर्ण उघडा. रबराची दोन्ही टोकं नुसती दाबून बसवलेली असतात, खांबाकडचं टोक बोटांनी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा आणि रबर दाराकडे सरकवा. वायरी टॉर्चच्या उजेडात एकेक करून बोटांत धरा आणि हलक्या ओढा. तुटलेली वायर रबरासारखी लांबते, कारण आतलं तांबं संपलेलं असतं, नुसतं आवरण ओढलं जातं. हे एकदा बोटांना कळलं की विसरत नाही. फुटलेल्या जागी तांबं हिरवं-काळं पडलेलं दिसलं तर पाणीही गेलंय.

डोळ्यांना काही दिसलं नाही, आणि फ्यूज तर उडतोच आहे, तर मी वापरतो ती युक्ती सांगतो. दर वेळी नवा फ्यूज जाळून शोधायचं नाही. इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब घ्या, होल्डरच्या दोन वायरी जुन्या उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना सोल्डर करा, आणि तो फ्यूजच्या जागी खोचा. आता कितीही शॉर्ट असला तरी त्या वाटेने पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही, वायर सुरक्षित. छतातल्या दिव्याचं बटण आधी बंद करा, नाहीतर तो त्याच फ्यूजवर असल्याने बल्ब मिणमिणत राहील आणि तुम्ही गोंधळाल. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडात लागतो. शॉर्ट नसेल तर विझलेला किंवा अगदी मंद. मग एका माणसाने बल्बकडे बघायचं आणि दुसऱ्याने एकेका दाराचं रबर दाबायचं, हलवायचं, दार उघडायचं-लावायचं. ज्या हालचालीला बल्ब भपकन पेटतो, ती जागा. बल्ब सतत पेटलेलाच असेल तर एकेका दाराचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, सोडवत जा. जो सोडवल्यावर विझतो, दोष त्या दारात. मी हे काम घरच्या मुलाला मदतीला घेऊन करायला सांगतो, दोन माणसांनी अर्ध्या तासात होतं.

पिवळ्या रंगाच्या वायरी किंवा पिवळा कपलर दिसला तर तिथे काहीही टोचायचं नाही. त्या एअरबॅगच्या असतात. युनिटकडे जाणाऱ्या केसासारख्या बारीक वायरींनाही बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, तिथे मल्टिमीटरच.

तुटलेली वायर सापडली की बॅटरीचा मायनस सोडवा आणि मग हात घाला. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा तुटलेल्या जागीच पीळ देऊन टेप गुंडाळतात. तसं करू देऊ नका. एक तर आपल्या उन्हात टेपचा गोंद वितळतो, चिकट काळा रस होतो आणि टेप सुटतो. दुसरं, जोड पुन्हा त्याच वाकायच्या जागी येतो. सोल्डर केलेला भाग कडक असतो, कडक भाग वाकला की त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते. योग्य पद्धत अशी: रबरातला सगळा तुकडाच बदलायचा. तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर वीत-दीड वीत घ्यायची, तिचा एक जोड दाराच्या आत आणि दुसरा खांबाच्या आत येईल असा ठेवायचा. सोल्डर, त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह. तीन-चार वायरी असतील तर जोड एकाखाली एक मागे-पुढे ठेवायचे, एका जागी गाठोडं नको. थोडी ढील ठेवायची. रबर परत बसवताना त्याची ओठासारखी कड पत्र्यात पूर्ण बसली आहे ना हे बोट फिरवून बघायचं, नाहीतर परतीच्या पावसात पाणी थेट आत.

पाण्यावरून एक गोष्ट. तुमच्या दारात नंतर कुणी स्पीकर बसवलेत का? दाराच्या पॅडमागे एक प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाडतात आणि परत लावत नाहीत. काचेवरून उतरणारं पाणी मग लॉकच्या मोटरवर येतं. दाराच्या तळाशी पाणी जायला छिद्रं असतात, आपल्याकडच्या धुळीने ती बुजतात. उसाच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या दारातून मी मूठभर चिखल काढलाय. बारीक तारेने ती छिद्रं मोकळी करा. आणि गाडी मळ्यात, कडब्याच्या गंजीजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही बघा, बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर खुणा पटतात.

रबरात काही सापडलं नाही आणि कपलर सोडवल्यावर एका दारावर संशय आला, तर त्या दाराची मोटर सोडवून तपासायची. साध्या दोन वायरींच्या मोटरला बॅटरीवरून क्षणभर करंट द्यायचा, ती एका बाजूला सरकते. वायरी उलट्या केल्या की दुसऱ्या बाजूला. क्षणभरच, जास्त वेळ धरली तर चांगली मोटरही जळू शकते. मरगळून सरकली किंवा अडकली तर बदला. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये बहुधा ड्रायव्हरच्या दाराला पाच वायरींची मोटर असते आणि बाकीच्यांना दोन, त्यामुळे दुकानात सांगताना कुठल्या दाराची ते सांगा. अशा किटचा फ्यूज गाडीच्या बॉक्समध्ये नसतो, युनिटच्या लाल वायरीवर छोट्या होल्डरमध्ये असतो, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

हे सगळं ठीक निघालं, फ्यूज चांगला, वायरी चांगल्या, युनिटपर्यंत 12 व्होल्ट येतात, अर्थ पक्का आहे, आणि तरीही युनिट गप्प, तेव्हा आणि तेव्हाच युनिट. माझ्याकडे ‘युनिट गेलं’ म्हणून आलेल्या बहुतेक गाड्या वायरीवरच सुटतात.

काम होईपर्यंत गाडी वापरायला हरकत नाही. सेंटर लॉक चालत नसलं तरी दाराची खुंटी आतून हाताने सोडवून हँडल ओढलं की दार उघडतं. फक्त मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर ती आतून उघडत नाहीत, बाहेरूनच उघडावी लागतात. लहान मुलं सोबत असतील तर या दिवसांत ते चाइल्ड लॉक काढून ठेवा आणि पाच मिनिटांसाठीसुद्धा त्यांना बंद गाडीत सोडू नका, सोलापूरच्या उन्हात तर मुळीच नको.

आधी ड्रायव्हरच्या दाराचं रबर सरकवून एक फोटो काढा. कुठल्या रंगाची वायर तुटली आणि जुन्या फ्यूजचं प्लास्टिक काळं आहे की स्वच्छ, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगतो.